भाषेची चाचणी निवडताना आधी फूटपट्टीच तपासा

पारशिवनी : तिसरीतील मुलापुढे पेरूचे चित्र ठेवून ‘हे काय?’ असे विचारले, तर पारशिवनी तालुक्यातील खेड्यांत ‘जाम’ असे उत्तर येण्याची शक्यता अधिक. कोथिंबिरीच्या जुडीला मूल ‘सांबार’ म्हणेल, बटाट्याला ‘आलू’ म्हणेल आणि शेंगदाण्यांना ‘फल्लीदाणे’. विदर्भात ही उत्तरे कोणालाही चुकीची वाटणार नाहीत. परंतु चाचणीची उत्तरसूची दुसऱ्या भागात तयार झाली असेल आणि तपासणाऱ्याला सूचीबाहेर जाण्याची मुभा नसेल, तर याच मुलाला चारपैकी शून्य गुण पडतील. त्याच्या नावापुढे ‘शब्दसंपत्ती कमी’ अशी नोंद होईल आणि पुढचे तीन महिने त्याला आधीच येत असलेल्या गोष्टी पुन्हा शिकवल्या जातील.

चूक मुलाची नाही, चाचणीची आहे. मात्र तिची किंमत मूलच मोजते.

राज्यात सध्या वाचन-लेखनाच्या चाचण्यांना तोटा नाही. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत अर्थ समजून वाचता आले पाहिजे, असे उद्दिष्ट ठरवण्यात आले. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून ‘स्टार्स’ प्रकल्पांतर्गत तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. त्याच वर्षापासून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेला पुन्हा महत्त्व आले; पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद झाली. याखेरीज स्वयंसेवी संस्था, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणारे उपक्रम आणि सुटीतील वर्ग यांच्याही आपापल्या चाचण्या असतात. चाचणी घेणे ही आता नित्याची बाब झाली आहे. नेमकी कोणती घ्यावी आणि तिच्या निकालावर कितपत विश्वास ठेवावा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

एक तालुका, अनेक भाषा

नागपूरकरांना पारशिवनी तालुका प्रामुख्याने दोन कारणांनी परिचित आहे. एक, शहराच्या नळांना येणारे पेंचचे पाणी नवेगाव खैरीच्या जलाशयातून येते. आणि दुसरे, पेंचचे जंगल. भाषेच्या दृष्टीने मात्र हा तालुका पाहावा तितका गुंतागुंतीचा आहे. शेतीवर अवलंबून असलेल्या गावांत नागपुरी वळणाची मराठी बोलली जाते. कन्हान, गोंडेगावच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात कामानिमित्त आलेल्या कुटुंबांमुळे हिंदीचा वावर मोठा आहे. जंगलालगतच्या काही गावांत गोंड कुटुंबांची वस्ती आहे. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा असल्याने ती घरी बोलणाऱ्या मुलासाठी पाठ्यपुस्तकातील मराठी ही जवळजवळ नवी भाषा ठरते.

या तिन्ही मुलांना एकाच दिवशी एकच मराठी प्रश्नपत्रिका दिली आणि तिघांनाही दहापैकी चार गुण मिळाले, तर त्या चाराचा अर्थ तिघांसाठी वेगवेगळा असतो. पहिल्याला कदाचित अक्षरओळखच पक्की नाही. दुसरा देवनागरी लिपीमुळे मजकूर खडाखडा वाचतो. पण हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, हे मनात असल्याने मराठी वाक्याचा अर्थ त्याला उलटाच लागतो. तिसऱ्याला मुळात मराठी ऐकून समजण्यासाठीच वेळ हवा आहे. आकडा एक, अडचणी तीन आणि त्यावरचे उपायही तीन. चाचणीने हा फरक दाखवला नाही, तर शिक्षकाच्या हाती केवळ आकडा उरतो.

आधी प्रश्न, मग चाचणी

चाचणी चांगली की वाईट, हा प्रश्न तसा अपुराच आहे. ती कशासाठी चांगली, हे विचारावे लागते. सोनाराच्या काट्यावर कापसाची गाठ तोलता येत नाही आणि जिनिंगच्या वजनकाट्यावर मंगळसूत्र ठेवण्यात अर्थ नसतो. दोन्ही काटे आपापल्या जागी अचूक असतात.

भाषेच्या चाचणीचे साधारणतः चार उपयोग संभवतात. राज्य किंवा जिल्ह्याचे एकंदर चित्र पाहणे हा पहिला. कोणत्या मुलाला उद्यापासून काय शिकवावे, हे ठरवणे हा दुसरा. एखाद्या उपक्रमाचा खरोखर परिणाम झाला का, हे तपासणे हा तिसरा. मुलाला वरच्या वर्गात पाठवावे की नाही, हा चौथा. या चारही कामांसाठी एकच चाचणी वापरण्याचा मोह होतो आणि बहुतेक गोंधळाची सुरुवात तेथूनच होते.

‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वेक्षणाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरावे. १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधून काम सुरू करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने हे सर्वेक्षण २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात होत आले आहे. प्रत्येक जिल्ह्यातून ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० घरे, अशी सुमारे ६०० कुटुंबे निवडली जातात. मुलाला घरीच, एकट्याला, समोर बसवून वाचायला सांगितले जाते. २०२४ च्या फेरीत ६०५ जिल्ह्यांतील सुमारे साडेसहा लाख मुलांपर्यंत कार्यकर्ते पोहोचले. देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीतील मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. करोनाकाळातील शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. राष्ट्रीय चित्र म्हणून ही माहिती मोलाची आहे.

परंतु नागपूर जिल्ह्यातील सर्व ग्रामीण तालुके मिळून ३० गावे निवडली जात असतील, तर पारशिवनी तालुक्याच्या वाट्याला त्यातील मोजकीच येणार, हे उघड आहे. या सर्वेक्षणाच्या आधारे तालुक्यातील एखाद्या शाळेविषयी किंवा शिक्षकाविषयी मत बनवणे गैर ठरेल. सर्वेक्षणाचा तो हेतूही नाही.

सर्वेक्षणातील वाचनाचे साधन मात्र वेगळ्या कारणासाठी शिक्षकाच्या उपयोगी पडते. हे साधन मुलाला पाच पायऱ्यांपैकी एका पायरीवर ठेवते : प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट. मुलाला आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद दिला जातो. तो तीनपेक्षा अधिक चुका न करता, तुकडे न पाडता वाचला, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट पुढे ठेवली जाते. परिच्छेद जमला नाही, तर शब्द; पाचपैकी चार शब्दही जमले नाहीत, तर अक्षरे. काही मिनिटांत मूल कोठे अडले आहे, ते कळते आणि त्यानुसार मुलांचे गट पाडता येतात. इयत्तेऐवजी पातळीनुसार गट पाडून शिकवण्याची पद्धत याच विचारावर उभी आहे.

या साधनाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. सर्वात वरची पायरी दुसरीच्या पातळीची असल्याने सहावीतील मूल ती ओलांडून पुढे किती गेले, हे त्यातून कळत नाही. लेखन त्यात येत नाही आणि आकलनाचा खोलवर शोधही घेतला जात नाही. तळ शोधण्यासाठी बनवलेल्या साधनाकडून शिखराची उंची मागू नये.

‘विश्वसनीय’ म्हणजे नेमके काय?

डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत चांगल्या चाचणीचे गुण सांगताना सप्रमाणता, विश्वसनीयता, वस्तुनिष्ठता आणि व्यवहार्यता हे शब्द येतात. परीक्षेपुरते पाठ होणारे हे शब्द प्रत्यक्षात अगदी साध्या शंकांची उत्तरे देतात.

विश्वसनीयता म्हणजे एकाच मुलाला आज आणि तीन दिवसांनी तपासले, या परीक्षकाने आणि त्या परीक्षकाने तपासले, नमुना क्रमांक एकवर आणि दोनवर तपासले, तरी निकाल जवळपास सारखाच येणे. सोमवारी ‘शब्द’ पायरीवर असलेले मूल गुरुवारी काहीही न शिकवता ‘गोष्ट’ पायरीवर दिसत असेल, तर दोष साधनात किंवा ते वापरणाऱ्या हातात आहे.

ही तपासणी कोणत्याही शाळेत करता येण्याजोगी आहे. दोन परीक्षकांनी एकमेकांची नोंद न पाहता त्याच २० मुलांना तपासावे आणि मग नोंदी जुळवून पाहाव्यात. समजा, ‘वाचतो’ आणि ‘वाचत नाही’ अशा दोनच नोंदी आहेत आणि १८ मुलांबाबत दोघांचे मत जुळले. जुळणी ९० टक्के झाली. ती उत्तम वाटते. पण त्यातील काही जुळणी निव्वळ योगायोगाची असते. दोघांनीही निम्म्या मुलांना ‘वाचतो’ म्हटले असेल, तर डोळे मिटून शेरे दिले तरी ५० टक्के जुळणी झालीच असती. म्हणजे ९० टक्के खरोखर समाधानकारक. पण दोघांनीही २० पैकी १८ मुलांना ‘वाचतो’ म्हटले असेल, तर योगायोगानेच ८२ टक्के जुळणी होते आणि मग ९० टक्क्यांत फारसे काही उरत नाही. संशोधक हा योगायोगाचा वाटा वजा करूनच परीक्षकांची एकवाक्यता मोजतात. ‘आमच्या चाचणीची जुळणी ९० टक्के आहे’ असे कोणी सांगितले, तर हा वाटा वजा केला आहे का, असे अवश्य विचारावे.

बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत योगायोग आणखी मोठे सोंग आणतो. प्रत्येकी चार पर्याय असलेले २० प्रश्न आहेत आणि मुलाला एकही शब्द वाचता येत नाही, असे समजू. केवळ अंदाजाने खुणा करून त्याला सरासरी पाच गुण मिळतील. अशी बरीच मुले असतील, तर गणिताच्या हिशेबाने साधारणतः पाचांतील एक मूल सात किंवा त्याहून अधिक गुण मिळवेल. वीसपैकी सात म्हणजे ३५ टक्के. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ‘पास’ या शब्दाचा अर्थ हाच राहिला आहे. वाचता न येणारे मूल कागदावर उत्तीर्ण होऊ शकते, ते असे.

लहान मुलांच्या वाचनासाठी तोंडी, एकेकट्याने घेतलेली चाचणी अधिक भरवशाची मानली जाते, त्यामागे हेही एक कारण आहे. तिची अडचण वेळेची आहे. प्रत्येक मुलाला दहा मिनिटे धरली, तर २५ मुलांच्या वर्गाला २५० मिनिटे, म्हणजे चार तास दहा मिनिटे लागतात. दोन वर्ग एकाच वेळी सांभाळणाऱ्या शिक्षकाला एवढा वेळ काढणे सोपे नाही. मात्र दोन-तीन दिवसांत विभागून वर्षातून तीन वेळा ही चाचणी घेतली, तर वर्षाकाठी साडेबारा तास खर्ची पडतात. वर्षभर चुकीच्या पातळीवर शिकवण्यात जाणाऱ्या वेळेच्या तुलनेत हा खर्च मोठा म्हणता येणार नाही.

एका मिनिटात किती शब्द?

अलीकडच्या काळात वाचनाचा वेग हे परवलीचे माप झाले आहे. याचे मूळ बव्हंशी २००६ च्या सुमारास अमेरिकी अर्थसाह्याने विकसित झालेल्या ‘एग्रा’ या तोंडी चाचणीत आहे. मुलाने एका मिनिटात किती अक्षरे, किती शब्द आणि सलग मजकुरातील किती शब्द बिनचूक वाचले, हे त्यात मोजतात. नंतर आकलनाचे काही प्रश्न विचारतात. ‘निपुण भारत’च्या लक्ष्यांतही तिसरीच्या मुलाने अपरिचित मजकुरातील मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे म्हटले आहे.

वेग मोजणे निरर्थक नाही. अक्षर अक्षर लावत वाचणाऱ्या मुलाच्या ध्यानात वाक्याच्या शेवटी त्याची सुरुवात उरत नाही. परंतु मराठीत ‘एक शब्द’ म्हणजे काय, हे आधी पाहावे लागते. ‘घरासमोरच्या’ हा मराठीत एक शब्द आहे. हिंदीत त्यासाठी ‘घर के सामने वाले’ असे चार शब्द लागतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘मुलांनासुद्धा’, ‘शाळेतल्यांपैकी’ यांसारखे लांब आणि जोडाक्षरयुक्त शब्द अगदी साध्या मजकुरातही येतात. त्यामुळे इंग्रजी किंवा हिंदीतील वेगाचा आकडा जसाच्या तसा उचलून मराठीला लावणे योग्य नाही. एनसीईआरटीने २०२२ मध्ये तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांना एकेकट्याने तपासून केलेल्या पायाभूत अध्ययन अभ्यासात २० भाषांसाठी वाचनाचे निकष वेगवेगळे ठरवण्यात आले, ते याच विचाराने.

लिपीचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. इंग्रजीत २६ अक्षरे ओळखली की अक्षरओळख संपते. देवनागरीत मुळाक्षरांनंतर बाराखडी आणि बाराखडीनंतर जोडाक्षरे येतात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या संशोधनातून असे दिसून आले, की भारतीय लिप्यांमधील अक्षरज्ञान पक्के व्हायला अनेक वर्षे लागतात. दुसरीतल्या मुलाला ‘ष्ट्र’ वाचता आले नाही, तर ते मागे पडले असा निष्कर्ष घाईचा ठरेल. ‘का’ आणि ‘की’मधला फरक कळत नसेल, तर मात्र लगेच लक्ष द्यायला हवे. मराठीसाठीची चांगली चाचणी साधी अक्षरे, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवते.

महाराष्ट्रात या दिशेने सखोल काम झाले आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे मराठी व कन्नड शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे वाचन, लेखन, आकलन आणि वर्गातील अध्यापन अशा अनेक अंगांनी त्यात पाहणी झाली. एका आकड्यात न मावणारे चित्र पुढे आणणारा हा अभ्यास चाचणी निवडणाऱ्यांनी वाचावा असा आहे.

मोजायचे काय होते आणि मोजले काय?

सप्रमाणता हा शब्द अवघड आहे, प्रश्न सोपा आहे : जे मोजायचे ठरवले, तेच मोजले जात आहे का?

वऱ्हाडी-नागपुरी बोलींत ‘ळ’चा उच्चार पुष्कळदा ‘य’सारखा होतो. ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’. मुलाने छापील ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हटले, तर त्याने शब्द ओळखला आहे. फक्त घरच्या उच्चारात म्हटला आहे. वाचनाच्या चाचणीत ही चूक धरायची का? एका परीक्षकाने धरली आणि दुसऱ्याने सोडली, तर विश्वसनीयता गेली. सर्वांनी धरली, तर नोंदी जुळतील. पण वाचनाऐवजी बोली मोजली जाईल. म्हणजे चाचणी विश्वसनीय असूनही चुकीची असू शकते. तीच गोष्ट ‘खेळून राहिला’ची. चित्रातील मुलगा काय करतो आहे, या प्रश्नावर हे उत्तर नागपूरकडे संपूर्ण आणि अचूक आहे. प्रमाण मराठी शिकवणे हे शाळेचे काम आहेच. पण ‘प्रमाण भाषा आली नाही’ आणि ‘वाचता आले नाही’ या दोन नोंदी एकमेकींत मिसळता कामा नयेत.

भाषांतरित चाचणीबाबत हा धोका अधिक असतो. भाषा बदलली की प्रश्नाची काठिण्यपातळीही बदलते, याची जाण आपल्याकडे जुनीच आहे. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्यपूर्व काळात बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड रूपांतर केले, तेव्हा ते इथल्या मुलांवर तपासून घेतले होते. आज संगणकावर काही क्षणांत भाषांतर होते, म्हणून हा टप्पा गाळता येत नाही.

पाठांतर ही आणखी एक फसवी जागा. पाठ्यपुस्तकातील धडा समोर ठेवला, तर अनेक मुले पानाकडे पाहत तो तोंडपाठ म्हणतात. म्हणून मजकूर अनोळखी हवा आणि प्रत्येक फेरीत नवा हवा. मात्र सर्व नमुन्यांची काठिण्यपातळी सारखी हवी. गावोगावी होणारे ‘चावडी वाचन’ पालकांना शाळेशी जोडणारा स्वागतार्ह उपक्रम आहे. परंतु ग्रामस्थांपुढे तयारी करून केलेले वाचन हे सादरीकरण असते, त्याला चाचणी समजू नये.

असर चाचणीच्या बाबतीत अशी पडताळणी झालेली आहे. शाहेर बानू वाघ यांनी हिंदीतील असर साधनाची तुलना अधिक विस्तृत वाचनचाचण्यांशी केली, तेव्हा दोन्हींचे निष्कर्ष मोठ्या प्रमाणात मिळतेजुळते आढळले. साधनाच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे. तो हिंदीपुरता आहे, हेही तितकेच ध्यानात ठेवले पाहिजे. चाचणी ‘प्रमाणित’ आहे असे सांगितले जाते, तेव्हा ती कोणत्या भाषेत, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या भागातील मुलांवर प्रमाणित झाली, हा पुढचा प्रश्न ओघाने येतो.

गुणांवर बक्षीस, गुणांवर दंड

उत्तम चाचणीही एका गोष्टीने हमखास बिघडते. तिच्या निकालावर शिक्षकाची वेतनवाढ, शाळेचे नाव किंवा संस्थेचा निधी अवलंबून ठेवला, की निकाल सुधारतो आणि शिक्षण तेथेच राहते. अमेरिकी सामाजिक शास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हा धोका नियमाच्या रूपात मांडला होता.

भारतातही याचे पुरावे आहेत. अर्थशास्त्रज्ञ अभिजीत सिंग यांनी मध्य प्रदेशातील शाळांमध्ये तेच प्रश्न त्याच मुलांना स्वतंत्रपणे पुन्हा विचारले, तेव्हा शासकीय नोंदींतील गुण बरेच फुगवलेले आढळले. डग जॉन्सन आणि आंद्रेस पराडो यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातील राज्यांचे सरासरी गुण वास्तवापेक्षा चढे असल्याचे म्हटले होते. या निष्कर्षांचा रोख एकट्या-दुकट्या शिक्षकावर नाही. ज्याच्या कामाचे मोजमाप व्हायचे, त्याच्याच हाती माप देणारी व्यवस्था येथे दोषी ठरते.

म्हणूनच शिकवण्यासाठीची चाचणी आणि जाब विचारण्यासाठीची चाचणी वेगवेगळ्या असाव्यात. पहिली शिक्षकाने घ्यावी, तिचा निकाल वर्गातच राहावा आणि कमी गुणांची भीती कोणालाच नसावी. दुसरी त्रयस्थाने घ्यावी आणि सर्व मुलांऐवजी नमुन्यादाखल निवडलेल्या मुलांपुरतीच ठेवावी.

सुधारणा खरी की भासमान?

शहरातील अनेक वाचक अशा उपक्रमांना देणगी देतात किंवा सुटीत शिकवायला जातात. ‘तीन महिन्यांत मुलांचे गुण दुप्पट’ असा अहवाल हाती आला, की समाधान वाटणे स्वाभाविक आहे. त्यापूर्वी दोन गोष्टी तपासणे हिताचे ठरेल.

पहिली गोष्ट अशी, की उपक्रमासाठी बहुधा सर्वात कमी गुण मिळवणारी मुले निवडली जातात. त्यांपैकी काही खरोखर मागे असतात. तर काहींचा तो दिवस वाईट असतो. ताप असतो, झोप झालेली नसते किंवा अनोळखी माणसापुढे बोबडी वळते. अशी मुले पुढच्या वेळी काहीही न शिकवता अधिक गुण मिळवतात. हे केवळ निवडीचे गणित आहे. पण अहवालात ते उपक्रमाच्या श्रेयात जमा होते. दुसरी गोष्ट म्हणजे मूल शाळेतही शिकत असते. तीन महिन्यांत काही प्रगती शाळेमुळेच होणार असते. यासाठी उपक्रमात नसलेल्या, पण तितक्याच मागे असलेल्या मुलांचीही त्याच दिवशी, त्याच साधनाने चाचणी घ्यावी लागते. दोन्ही गटांतील फरक हेच उपक्रमाचे खरे फलित.

एवढी व्यवस्था शक्य नसेल, तर किमान प्रामाणिक नोंद ठेवावी. २० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे पाच टक्के. ‘वाचणाऱ्यांचे प्रमाण ४० वरून ५० टक्क्यांवर’ याचा अर्थ दोन मुले, इतकाच. त्या दोन मुलांची नावे शिक्षकाला ठाऊक असतील, तर टक्केवारीची गरजही उरत नाही.

निवडण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

चाचणी निवडणाऱ्या शाळेने, संस्थेने किंवा देणगीदाराने पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत :

- या निकालावरून कोणता निर्णय घ्यायचा आहे? निर्णय ठरलेला नसेल, तर चाचणी पुढे ढकलावी.
- चाचणी मराठीतच तयार झाली की भाषांतरित आहे? या भागातील मुलांवर ती आधी वापरून पाहिली आहे का?
- बोलीतील शब्द आणि उच्चार कसे नोंदवायचे, याचा लेखी नियम आहे का? ‘जाम’ आणि ‘पेरू’ दोन्ही ग्राह्य आहेत का?
- मुलाची घरची भाषा नोंदवली जाते का? मराठी ऐकून समजणे आणि मराठी वाचता येणे यांच्या नोंदी वेगळ्या आहेत का?
- दोन परीक्षकांच्या नोंदी जुळवून पाहिल्या आहेत का? परीक्षकांना प्रत्यक्ष मुलांसोबत सराव दिला आहे का?
- समान काठिण्यपातळीचे किमान तीन-चार नमुने उपलब्ध आहेत का?
- निकाल शिक्षकाच्या हाती किती दिवसांत पडतो?

यातील शेवटचा प्रश्न सर्वात कमी वेळा विचारला जातो. जूनमध्ये घेतलेल्या चाचणीचा तपशील दिवाळीनंतर मिळाला, तर तो कितीही अचूक असला तरी वर्गाच्या कामाचा राहत नाही. मूल तोवर पुढे सरकलेले असते किंवा आणखी मागे पडलेले असते. याउलट शिक्षकाने स्वतः घेतलेल्या, थोड्या ओबडधोबड पण नियम सांभाळून केलेल्या तोंडी चाचणीतून ‘पाच जण अक्षरांवर, आठ जण शब्दांवर, सात जण परिच्छेदावर’ एवढे जरी कळले, तरी दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय लिहायचे, ते ठरते.

पेंचचे पाणी नागपूरच्या नळांना सोडण्यापूर्वी तपासले जाते. त्या तपासणीचे साधन बरोबर आहे का, हेही कोणीतरी वेळोवेळी पडताळत असते; अन्यथा अहवालावर विसंबणाऱ्या शहराला गढूळ पाणी प्यावे लागेल. त्याच तालुक्यातील तिसरीच्या मुलाची चाचणी घेण्यापूर्वी चाचणीचीही चाचणी व्हावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. पेरूला जाम म्हणणाऱ्या त्या मुलाला शब्द येतो. तो कागदावर ओळखून वाचता येतो का, हे शोधण्यासाठीच तर ही सारी खटपट आहे.